तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळात आमच्या फाटकावर दिव्यांच्या माळा का नसतात

नाही, आमच्या घरात हल्ली कोणी गेलेलं नाही. हे आधी सांगतो, कारण डिसेंबरात प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. वसईत नाताळाला एखाद्याचं आवार अंधारात दिसलं की लोक आवाज खाली आणतात आणि विचारतात, "दुखवटा आहे का?" गेल्या वर्षी कॅरलवाल्या मुलांनीही आमचं घर टाळलं. गिटार, ढोलकी, मागे लाल झग्यातला सांताक्लॉज, सगळे फाटकापर्यंत आले, थोडी कुजबुज झाली आणि पुढच्या घरी गेले. आई त्यांच्यासाठी फुग्यांचं, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या गोळ्यांचं, ताट मांडून ओट्यावर बसली होती. म्हणून यंदा एकदाच नीट लिहितो.

आमच्याकडे चांदणी, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचा कंदील, असते; गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, तोही असतो. दोन्ही ओट्यावर, छपराखाली. रस्त्यावरून ती केळींच्या आड जातात, एवढंच. विजेच्या बिलाचं म्हणाल तर एलईडीच्या माळा किती वीज खातात ते मला ठाऊक आहे, तिथे कंजूषपणाचा प्रश्नच येत नाही. "आगमनकाळात, नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, साधेपणा हवा" हे प्रवचनही मी कोणाला दिलेलं नाही. उलट आमच्या आळीत माळांची सर्वांत जास्त हौस मलाच होती. नारळाच्या बुंध्यांना, कौलांच्या कडेला, विहिरीच्या कठड्याला, फाटकाच्या प्रत्येक गजाला मी माळा गुंडाळायचो. बावखलाच्या, म्हणजे आळीतल्या तळ्याच्या, पलीकडून आमचं घर पाण्यात दुप्पट दिसायचं. ते बघायला मी मुद्दाम पलीकडे जाऊन उभा राहायचो.

बाबांना ते आवडायचं नाही. ते दर वर्षी कामट्यांची चांदणी करायचे. पाच कामट्यांचा एक तारा, पाचांचा दुसरा. दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोकं सुतळीने बांधायची, आणि आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे वीतभर लांबीच्या पाच काड्या उभ्या खोचायच्या. मग तो सपाट सांगाडा पोट फुगवून उभा राहतो. वर पतंगाचा कागद, मैद्याची खळ, खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं लागत नाहीत. मी त्यांना म्हणायचो, बाबा, दीडशे रुपयांत तयार मिळते, कशाला बोटं सोलून घेता? ते काही बोलायचे नाहीत, पुढची कामटी तासायला घ्यायचे.

आता २०१७. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार ३ डिसेंबरला आला. चर्चमध्ये मिस्सा करून आलो आणि दिवसभर माळा लावल्या. फाटकापर्यंत वायर पुरेना, म्हणून दोन माळा जोडल्या. कापल्या, तारा पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली. तो सांधा फाटकाच्या आडव्या पट्टीवर, बरोबर खिट्टीच्या बाजूला आला. दिसायला वाईट दिसत होता म्हणून मी तो पट्टीच्या खाली वळवला. हे मला इतकं स्वच्छ आठवतं, कारण त्या वेळी मला स्वतःच्या नीटनेटकेपणाचं कौतुक वाटलं होतं.

सोमवारी संध्याकाळी पाऊस सुरू झाला. ओखी वादळ अरबी समुद्रातून गुजरातकडे सरकत होतं. मंगळवारी, ५ तारखेला, मुंबईसह आमच्या पालघर जिल्ह्यातल्या शाळांना सुट्टी दिली. डिसेंबरात असा पाऊस. माळा काढाव्यात हे मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण माझी समजूत अशी की एवढासा दिवा, त्यात करंट तो किती असणार. ही समजूत चुकीची होती, आणि तुमच्यापैकीही अनेकांची असेल म्हणून सांगतो. थेट प्लगला लावायच्या स्वस्त माळांत दिवे एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक दिव्याच्या वाट्याला दोन-तीन व्होल्ट येतात, पण वायरीत घरातलेच २३० व्होल्ट खेळत असतात. सांधा उघडा पडला की दिव्याच्या आकाराला काही अर्थ उरत नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमारास पाऊस जरा थांबला. शेजारचा मुलगा आला. तेव्हा तिसरीत होता. गोठ्यासाठी नाचणी पेरलेली परात आमच्या ओट्यावर होती, कोंब किती वर आले ते बघायला तो रोज यायचा. फाटकापाशी पाणी साचलं होतं, म्हणून त्याने चपला काढून हातात घेतल्या. दुसरा हात खिट्टीकडे नेला.

मी अंगणात होतो, दहा-बारा पावलांवर. त्याने आवाजही केला नाही. नुसता ताठ झाला. चपला खाली पडल्या. आणि मी काय केलं? मी जागेवर उभा राहून ओरडत होतो, "सोड! अरे, सोड ना!" त्याच्या हातात सोडण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. मूठ आपोआप आवळली जाते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आई खिडकीत होती. तिने प्लग शोधला नाही, बटण शोधलं नाही, खिडकीतून आत गेलेली वायर दोन्ही हातांनी ओढून उपटली. सत्तरीची बाई. तिने वायर ओढली तेव्हा तो पाण्यात बसला आणि मग रडायला लागला. त्या रडण्याइतका चांगला आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

एक रात्र त्याला इस्पितळात ठेवलं. हृदयाचा आलेख ठीक आला. उजव्या हाताच्या दोन बोटांवर पांढरे चट्टे राहिले. त्याच्या मम्मीने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि नाताळाच्या दिवशी दर वर्षीसारखं ताट पाठवलं. तिने चार माणसांत मला झापलं असतं तर मी तुमच्याशी कदाचित याआधीच बोललो असतो.

पुढच्याच आठवड्यात वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, तुमचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, अशा वेळी पडणार नाही, तो जादा भाराला आणि शॉर्टसर्किटला पडतो, माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या मानाने फार थोडा असतो. मग आरसीसीबी बसवून घेतला. जेवढा करंट गेला तेवढा परत आला नाही आणि ३० मिलिअँपियरचा फरक पडला की तो वीज तोडतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्याचं टेस्टचं बटण दाबून बघतो. तुमच्याकडे नसेल तर चांदणीच्या आधी तो बसवा, एवढी विनंती आहे.

मग आता भीती कसली, असं तुम्ही विचारता. कमी व्होल्टेजच्या, अडॅप्टरवर चालणाऱ्या माळा मिळतात. बरोबर. त्या वर्षी दोष टेपचा होता, माळांचा नव्हता, हेही बरोबर. मी स्वतःला हे सगळं सांगून पाहिलंय. २०२१ला एक माळ आणलीही होती. फाटकाच्या त्या पट्टीपर्यंत हात गेला आणि खाली आला. घराच्या आतलं काही बिघडलं तर आपल्याच माणसांना लागतं. फाटकाला मात्र पोस्टमन, दूधवाला, लेकरं, कोणीही हात लावतं, आणि त्यावर काय गुंडाळलंय ते फक्त मला माहीत असतं. हे कारण पुरेसं आहे का? काही वर्षी वाटतं, आहे. गेल्या वर्षी आईचं ताट तसंच राहिलं तेव्हा नाही वाटलं.

बाबा २०१९ला गेले. तेव्हापासून कामट्यांची चांदणी मी करतो. त्यांच्यासारखी टोकं जुळत नाहीत, एक तरी टोक आखूड राहतंच.

तो मुलगा आता अकरावीत आहे. त्यांच्या घरावर दर वर्षी तोच माळा लावतो, पूर्वी आमच्या घरावर असायच्या त्यापेक्षाही जास्त. त्याला त्या संध्याकाळची नाचणी आठवते, बाकी फारसं नाही. मागच्या रविवारी तो एक खोकं घेऊन आला. "अंकल, चोवीस व्होल्टच्या आहेत, बाहेर लावायच्याच आहेत. फाटकाला मी लावतो, तुम्ही नुसते बघत बसा." बोलताना त्याने खिट्टीवरच हात ठेवला होता.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खोकं ओट्यावर नाचणीच्या परातीशेजारी पडलं आहे. आईने दोनदा विचारलं, उघडू का म्हणून. मी म्हटलं, चांदणी होऊ दे आधी. अजून तीन कामट्या तासायच्या आहेत.