तुम्ही विचारलंत म्हणून : साडेसहा सेंटिमीटर

फोन बहुतेक रात्री दहानंतर येतो. मुलगा वीस-बावीसचा असतो, नंबर कुणाकडून तरी मिळवलेला असतो. आधी उंची वाढवायच्या ऑपरेशनचा खर्च विचारतो, मग किती दुखतं ते. फोन ठेवता ठेवता, आत्ताच आठवल्यासारखं करून, ‘‘दादा, नंतर लोक काय म्हणाले? कळतं का कुणाला?’’ खरं तर त्याला एवढंच विचारायचं असतं. फोनवर मी हे टाळतो. दोन वाक्यांत सांगायला गेलं की त्यातलं अर्धं खोटं होतं.

आधी मापं. सत्ताविसाव्या वर्षापर्यंत मी 160 सेंटिमीटर होतो, म्हणजे 5 फूट 3 इंच. आता 166.5. दोन्ही नडग्यांची हाडं ऑपरेशन करून कापली, पायांभोवती कड्या बसवल्या, कड्यांच्या तारा हाडातून आरपार. आठवडाभर थांबून मग पाना फिरवायचा : पाव मिलिमीटर, दिवसातून चार वेळा. कापलेली टोकं तेवढीच लांब जातात, आणि त्या फटीत शरीर नवं हाड भरत जातं. दिवसाला 1 मिलिमीटर या हिशोबाने 65 दिवस वाढवण्यात गेले आणि ते हाड पक्कं होऊन कड्या निघायला नववा महिना उजाडला. नऊ महिन्यांवरून काकूने जो विनोद केला तो इथे लिहीत नाही. टाचेमागची शीर ताणून ताणून आखडली होती, ती सोडवायला फिजिओकडे आणखी वर्ष गेलं. उकिडवं बसलो तर अजूनही माझ्या टाचा जमिनीला टेकत नाहीत.

घरात ठरलं होतं की अपघात सांगायचा. बाहेरगावी, बाईकवरून. दोन्ही पाय एकाच ठिकाणी, एकाच मापाने कसे मोडले, हे कुणी विचारलं नाही. सुदामानगरच्या आमच्या गल्लीत त्या वर्षी माझे जे लाड झाले ते मुंजीतही झाले नव्हते. कुणी मऊ खिचडी आणली, कुणी डिंकाचे लाडू. शेजारच्या काकू खजरान्याच्या गणपतीला जाऊन माझ्यासाठी उलटा स्वस्तिक काढून आल्या. नवस फळला की परत जाऊन सरळ काढायचा असतो, हे इंदूरकरांना सांगायला नको.

फुटलं ते एका लग्नात. हळदीच्या दिवशी मावसभाऊ मला खालून वर बघत मोठ्याने म्हणाला, ‘‘अपघातात पाय आखूड झालेले ऐकलेत, लांब झालेला पहिलाच.’’ सगळे हसले. मग हळूहळू हसणं थांबलं.

त्यानंतरचे महिने मला जास्त जड गेले. पाय तेच, व्रण तेच, कुबडी तीच. पण ज्यांनी लाडू आणले होते तेच आता ‘‘किती लागले?’’ विचारू लागले, आणि आकडा ऐकून ‘‘तेवढ्यात बायपासला फ्लॅटचं डाऊन पेमेंट झालं असतं’’ म्हणू लागले. काकू फक्त एवढंच बोलल्या, ‘‘अरे, मी तुझ्यासाठी उलटा स्वस्तिक काढला होता रे.’’ तो सरळ करायला त्या गेल्या का, हे विचारायची माझी आजवर हिंमत झालेली नाही.

मोठे काका तर उघड चिडले. ‘‘ही काय थेरं?’’ मी त्यांना इलिझारोव्ह सांगितला : सायबेरियातल्या कुर्गानचा डॉक्टर, 1950 च्या दशकात मोडक्या पायांसाठी त्याने या कड्या वापरायला सुरुवात केली. रशियाचा ब्रुमेल सांगितला. 1963 मध्ये त्याने 2.28 मीटर उंच उडीचा विश्वविक्रम केला, पुढच्या वर्षी टोकियो ऑलिंपिकात सुवर्ण घेतलं, आणि 1965 मध्ये मोटारसायकलच्या अपघातात पायाचा चुरा झाला. किती ऑपरेशनं झाली तरी हाड जुळेना, ते शेवटी या कड्यांनी जुळवलं. पुन्हा उड्या मारल्या त्याने. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘त्याचा मोडला होता. तू मोडून घेतलास.’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. फोन करणाऱ्या मुलांनो, लोकांचं म्हणणं यापलीकडे फारसं जात नाही. ट्रकने मोडलेल्या पायाला खिचडी मिळते. चीनने 2006 मध्ये नुसत्या उंचीसाठी असलं ऑपरेशन करायला बंदी घातली, तेव्हा काका एकटे नाहीत.

आणि ज्यांना काहीच माहीत नाही, त्यांचं? त्यांना काही दिसतच नाही. तयारी मी केली होती, उत्तरं पाठ होती. ऑफिसात कुणी म्हणालं बारीक झालास, कुणी म्हणालं चष्मा बदललास का. सराफ्यात गराडू खाताना एका मित्राला मात्र शंका आली : ‘‘जूते में कुछ डाला है क्या, भिया?’’ मी बूट काढून दिला. त्याने आत हात घालून, चाचपून, परत दिला आणि त्याच हाताने गराडू खाल्ला. विषय संपला. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर गेलो. आधी समोरच्याची मान दिसायची, आता कान दिसतात. कुटुंबाचा फोटो काढताना मामा आजही मला दंडाला धरून पुढच्या रांगेत बसवतो, आणि मीही बसतो. त्याच्या डोक्यात मी 160 चाच आहे.

बिनचूक ओळखलं ते फक्त टेलरने. शर्टाचं माप घेतलं, जुन्या वहीशी ताडून पाहिलं, बाही तीच. पँटचं घेतलं, पुन्हा घेतलं, टेप खांद्यावर टाकून माझ्याकडे नुसतं पाहिलं. ‘‘हाथ वही हैं,’’ एवढंच म्हणाला. आकडा खोडून नवा लिहिला. इतक्या सभ्यपणे माझ्याशी त्या वर्षी दुसरं कुणी वागलं नाही.

लग्नाचं विचारता म्हणून तेही. बायोडेटावर साडेपाच फूट लिहिल्यावर फोन वाढले, हे खरं आहे आणि ते मला आवडलं, हेही खरं आहे. एका ठिकाणी मी सगळं आधीच सांगून टाकलं. मुलीचे वडील चिडले नाहीत. पोहे खाऊन झाल्यावर अगदी शांतपणे म्हणाले, ‘‘म्हणजे मुलं जुन्या मापाची होणार.’’ प्रश्न चोख होता. ते स्थळ जमलं नाही, पण त्या गृहस्थांचा मला राग येत नाही.

बाबांचं शेवटी ठेवलं. बाबा 5 फूट 3 इंच. मी जे नको म्हणून हाडं कापून घेतली, ते माप त्यांचं होतं. आईने पहिल्याच दिवशी रडून घेतलं, ‘‘आमचं काय चुकलं’’ वगैरे विचारून घेतलं. बाबांनी काहीच विचारलं नाही. 65 दिवस पहाटेचा पाना त्यांनीच फिरवला, कारण त्या वेळी माझे हात थरथरायचे. प्रत्येक पाव मिलिमीटर कॅलेंडरवर टिक करायचे. उंचीचा शब्द कधी काढला नाही.

मागच्या दिवाळीत कपाट आवरताना माझ्या जुन्या पँट्स काढल्या, सहा होत्या, सगळ्या घोट्याच्या वर येणाऱ्या. भांडीवालीला द्यायच्या म्हणून आईने गाठोडं बांधलं. बाबांनी ते सोडलं, एक पँट कमरेला लावून पाहिली आणि म्हणाले, ‘‘ह्या ठेव. मला खालून दुमडाव्या पण लागत नाहीत.’’

त्यातली राखाडी ते रोज सकाळी फिरायला जाताना घालतात.