आमची वाटचाल : चोरवाट आम्हीच उघडी ठेवली होती

२००९च्या दसऱ्याला सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेऊन मी आणि माझ्या धाकट्या भावाने संगणक दुरुस्तीचं दुकान सुरू केलं. गिऱ्हाईक म्हणजे हळदीचे आणि बेदाण्याचे अडते, दोन पतसंस्था, चार डॉक्टर. पेढीवर दिवाणजींच्या वहीशेजारी तेव्हा संगणक येऊन बसला होता. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद पडलं की शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या अडायच्या, आणि पट्टी हातात पडल्याशिवाय शेतकरी गावाकडे कसा निघणार? म्हणून फोन आला की भाऊ हातातला घास टाकून स्कूटर काढायचा.

त्या काळी निम्मं काम पेनड्राइव्हचं होतं. पेनड्राइव्ह लावला की ऑटोरनची फाईल आपोआप चालायची, फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसायचे. आम्ही अँटिव्हायरस चालवायचो, नाहीच जमलं तर फॉरमॅट मारायचो, अडीचशे रुपये घ्यायचो. व्हायरस म्हणजे दिसणारा, त्रास देणारा, अशीच आमची समजूत होती.

जून २०१७मध्ये मुंबईजवळच्या न्हावा शेवाला जेएनपीटी बंदराचं एक टर्मिनल ठप्प झालं. यार्डातले बेदाणा निर्यात करणारे व्यापारी दुकानात येऊन विचारायला लागले, म्हणून मी रात्री बसून सगळं वाचून काढलं. युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरतात. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच बॅकडोअर, म्हणजे आत शिरायची चोरवाट, घुसवलं होतं. त्या चोरवाटेने २७ जूनला नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम सोडला, तो मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणेत शिरला आणि त्यांच्या समूहाचं आपल्याकडचं टर्मिनलही बंद पडलं. अपडेट म्हणजे घरचा माणूस, त्याच्या हातून चोर आत आला. हे वाचून मी हादरले होते, तरी आपल्या गाळ्याशी त्याचा संबंध असेल असं मनात आलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाचा, एका बेदाणा अडत्या काकांचा फोन आला. परराज्यातल्या खरेदीदाराने साडेचार लाख भरले होते, पण काकांच्या खात्यात काहीच आलं नव्हतं. खरेदीदाराकडे काकांच्याच ईमेलवरून आलेलं पत्र होतं : आमचं बँक खातं बदललं आहे, या नव्या खात्यात पैसे भरा. सोबत बिल. लेटरहेड तेच, बिल नंबर तोच, रक्कम तीच. फक्त खाते क्रमांक वेगळा. कुणीतरी कित्येक दिवस आत बसून काकांचा पत्रव्यवहार वाचत होतं.

महिन्याभरापूर्वीच आम्ही तो संगणक स्कॅन करून ‘साफ आहे’ म्हणून दिला होता.

या वेळी मी स्वतः गेले. सगळे ब्राउझर बंद केले, कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट चालवलं, म्हणजे संगणक कुणाकुणाशी जोडलेला आहे ते दिसतं. काहीच उघडं नसताना एक प्रोग्रॅम बाहेरच्या अनोळखी पत्त्याशी जोडलेला दिसला. बॅकडोअरचं बळ इथंच आहे. राउटर बाहेरून आत येणाऱ्याला बहुधा अडवतो, पण आतून बाहेर जाणाऱ्याला हटकत नाही. म्हणून हा प्रोग्रॅम आतून स्वतःच मालकाला हाक मारतो आणि हुकूम घेतो. नाव विंडोजच्याच एका प्रोग्रॅमचं, पण खरा प्रोग्रॅम सिस्टम ३२ फोल्डरमध्ये असतो, हा ॲपडेटा नावाच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये लपला होता. पुसला, संगणक परत सुरू केला, तर पुन्हा हजर. टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेली कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या यादीत, अपडेटरचं नाव घेतलेली एक नोंद होती, ती दर वेळी त्याला नव्याने उतरवून घेत होती. आम्ही पाहुणा बाहेर काढत होतो आणि त्याला किल्ली देणारा घरातच होता.

आत आला कसा, तेही सापडलं. ‘पेमेंट ॲडव्हाइस’ नावाची ईमेलची फाईल. नावात शेवटी पीडीएफ दिसत होतं, पण त्यापुढे ईएक्सई होतं, म्हणजे तो कागद नव्हता, चालणारा प्रोग्रॅम होता. विंडोज फाईलचं शेपूट मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे दिवाणजींना ते दिसणं शक्यच नव्हतं. मग विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने, डिफेंडरने का अडवलं नाही? मी त्याची वगळण्याची यादी उघडली. तिथे अख्खा सी ड्राइव्ह होता.

तो आम्ही टाकला होता. काकांना विंडोज स्वस्तात हवं म्हणून क्रॅक, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालवणारा प्रोग्रॅम, वापरलं होतं, आणि ते क्रॅक चालावं म्हणून भावाने डिफेंडरला सांगितलं होतं की इकडे बघू नकोस. काम झाल्यावर ती नोंद काढायची राहिली. असे किती संगणक आम्ही यार्डात दिले होते, ते आठवून त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘पोरी, दुसऱ्याकडून कळलं असतं तर तुला पायरी चढू दिली नसती.’’ पैसे परत मिळाले नाहीत. दोन वर्षं त्यांच्याकडून देखभालीचे पैसे घेतले नाहीत, त्याने भरपाई झाली असं मी मानत नाही.

तेव्हापासून आमची काम करण्याची रीत बदलली. आधी नेटची वायर काढायची, वायफाय बंद करायचं, म्हणजे आतल्याला बाहेरून हुकूम मिळत नाही. मग ऑटोरन्स हे मायक्रोसॉफ्टचं मोफत साधन चालवून संगणकाबरोबर काय काय आपोआप सुरू होतं ते एकेक ओळ वाचायची : रजिस्ट्री, सर्व्हिसेस, शेड्युल केलेली कामं. वगळण्याची यादी रिकामी करायची. डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावायचा. तो विंडोज सुरू होण्याआधी चालतो, त्यामुळे विंडोजच्या आड लपलेल्यालाही गाठू शकतो. नवीन कुणी युजर तयार झाला आहे का, दूरून संगणक हाताळायचं सॉफ्टवेअर कुणी ठेवून गेलं आहे का, हे बघायचं. आणि ईमेलच्या सेटिंगमध्ये पत्रं गुपचूप दुसरीकडे पाठवणारा नियम आहे का, हे तर नक्कीच. संगणक धुऊन काढला तरी तो नियम मेलच्या सर्व्हरवर तसाच राहतो.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून. बाधित संगणकावर नवा पासवर्ड टाकला तर तोही चोराच्याच हातात जातो. आणि बदलल्यावर सगळीकडून लॉगआउट करायचं, कारण ब्राउझरने साठवलेल्या लॉगिनच्या खुणा, म्हणजे कुकीज, चोरलेल्या असतील तर त्यांवर जुनं लॉगिन चालूच राहू शकतं.

एवढं करूनही माझं मत असं की बॅकडोअर सापडलं, तर फॉरमॅटच करावा. बाहेरचा माणूस आत येऊन काय काय बदलून गेला, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. फक्त डेटा बाजूला काढायचा, एकही प्रोग्रॅम नाही, आणि विंडोज स्वच्छ संगणकावर बनवलेल्या पेनड्राइव्हवरून टाकायचं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘ताई, एवढ्यासाठी फॉरमॅट?’’ मी हो म्हणते. विंडोजची खोटी चावी वापरायची तर काम घेत नाही, हेही सांगते. पहिल्या वर्षी त्यापायी सोळा गिऱ्हाइकं गेली, भाडं भरायला दागिना गहाण टाकला.

ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली, तेव्हा आमच्या पतसंस्थांचे संचालक स्वतःहून दुकानात आले. २०१९च्या महापुरात गाळ्यात पाणी शिरलं, आमची सगळी यंत्रं गेली. पण गिऱ्हाइकांचा बॅकअप वायर काढून वरच्या मजल्यावर ठेवलेल्या हार्डडिस्कवर होता, तो वाचला. चोराच्या भीतीने लावलेली सवय पुरात कामाला आली.

आज कुणाचे पैसे असे गेले तर मी आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायला लावते, संगणक नंतर बघते. लवकर कळवलं तर रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता असते. काकांच्या वेळी ही सोय नव्हती. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची साफसफाईची मोफत साधनंही आता वापरतो.

आम्ही आता सहाजण आहोत. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली, तेव्हा दुकानाच्या भिंतीवर आम्ही जुन्या संगणकांची यादी लावली. १३२ नावं होती, ८७ खोडून झाली. उरलेले बहुतेक यार्डातले आहेत. हळदीचे सौदे आटोपले की एकेका पेढीवर जाऊन ते बदलायचं ठरलं आहे, आणि पहिला दिवस काकांनी मागून घेतला आहे.