सहा मात्रा, पण दादरा नव्हे

आज व्हायोलिनच्या क्लासला ‘होल इन द वॉल’ घेतली. इंग्लंडच्या जुन्या कंट्री डान्सची, म्हणजे जोड्यांनी मिळून करायच्या नाचाची धून. मूळ संगीत हेन्री पर्सेलचं, 1695 साली ‘अब्देलाझर’ नाटकासाठी केलेलं. नाचणाऱ्यांनी ते पुढे आपलंसं केलं. (याच नाटकातली दुसरी एक चाल संगीतकार बेंजामिन ब्रिटनने 1945 मध्ये उचलली. ती जगभर गाजली. मला विचाराल तर हीच जास्त गोड.)

सूर सोपे आहेत हो, पटकन हातात बसतात. खरी गंमत लयीत. एका मापात (आपल्याकडचं आवर्तन म्हणा) सहा ठोके, त्यामुळे आपला कान लगेच दादरा ताल धरू बघतो: धा धी ना, धा ती ना. पण इथे तीन-तीन नाही, दोन-दोन-दोन!

मग बाईंनी दोन जोड्या समोर उभ्या केल्या. तिरक्या कोपऱ्यांतले दोघं एकमेकांकडे बघत, उजव्या खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळून, अगदी सावकाश जागा बदलतात. त्या ओलांडण्याला पुरेल एवढाच गज ओढायचा. लय जरा चढली की बिचारे पळतच सुटतात. मेट्रोनोमपेक्षा (लय मोजून देणारं यंत्र) त्यांच्या पायांकडे बघून वाजवणं कितीतरी सोपं.

येत्या शनिवारी खऱ्या नाचाला वाजवायचंय. लंडनच्या आसपास कुणी असाल तर या, नाचायला माणसं नेहमीच कमी पडतात.