पेन्सिलीने लिहिलेले नाव

"भाऊ, तुमची धाकटी यंदा पहिलीला ना?" आज सकाळी लासलगावच्या बाजार समितीबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत मी लिलावाची वाट पाहत उभा असताना आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतील गुरुजींनी विचारले.

तिचा प्रवेश तालुक्याच्या इंग्रजी शाळेत झाला आहे, असे मी सांगितले. त्यांनी वही उघडली, आधीच पेन्सिलीने लिहून ठेवलेले तिचे नाव शोधले आणि काही न बोलता खोडले. आई-वडिलांचा होकार आला की मगच ते शाईने लिहितात.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुले असली, तर दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे आमच्याकडे एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, हेच कारण सांगून आम्ही मुले काढतो आणि पट आणखी घसरतो. गावात शेततळी वाढली, कांदा साठवायच्या चाळी वाढल्या, इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसही वाढल्या. मी स्वतः मात्र त्याच शाळेत पाढे शिकलो, आणि आजही कांद्याचा हिशेब तोंडीच करतो.

तिचे नाव पेन्सिलीने लिहिताना गुरुजींनी काय विचार केला असेल?