तुम्ही विचारलंत म्हणून: महोम्स असताना त्या पाच जणांची काळजी कशाला?

“काकू, आपल्याकडे महोम्स आहे! तुम्ही त्या पाच जाड्यांची काळजी कसली करत बसता?”

दर ऑगस्टला हा प्रश्न मला येतोच. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, तो मंडळाच्या गणपतीचं मखर बांधताना आला. विचारणारा मुलगा इथलाच, कॅन्ससमधल्या ओव्हरलँड पार्कमध्ये जन्मलेला. अंगात चीफ्सची १५ नंबरची लाल जर्सी, हातात डिंकाची बाटली. तेव्हा मी “ती सुतळी दे इकडे” म्हणून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इथला फुटबॉल हाताने खेळतात. पॅट्रिक महोम्स हा कॅन्सस सिटी चीफ्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याच्या पुढ्यात पाच जण वाकून उभे असतात: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, आणि कडेला टॅकल. ही ऑफेन्सिव्ह लाइन. एकेकाचं वजन १३५ किलोंच्या पुढेमागे. सेंटरने दोन पायांमधून चेंडू मागे दिला की समोरच्या तितक्याच दांडग्या माणसांना अडीच-तीन सेकंद क्वार्टरबॅकपर्यंत पोचू द्यायचं नाही, हे यांचं काम. चेंडू झेलायला एरवी नियमानेच बंदी. स्टेडियममध्ये यांचा पुकारा होतो तो बहुतेक चूक झाल्यावर, आणि तोही नावाने नाही. ‘होल्डिंग, नंबर अमुक, दहा यार्ड मागे.’ बस.

मी इथे आले तेव्हा मीही सगळ्यांसारखी चेंडूकडेच बघायची. आमचे शेजारी शाळेत असताना गार्ड खेळलेले. त्यांचे दोन्ही गुडघे आता पायऱ्या चढताना ऐकू येतात. त्यांनी मला एकदा सांगितलं, चेंडू निघाला की पहिले तीन सेकंद चेंडूकडे बघायचंच नाही, गार्डकडे बघ. मी बघितलं, आणि परळच्या शाळेचं मैदान आठवलं.

मी शाळेत कबड्डी खेळायचे. उजवी कव्हर. माझ्या शेजारची कॉर्नर आणि मी तीन वर्षं एकत्र होतो. चढाईला आलेली मुलगी कोपऱ्याकडे वळली की माझा हात तिच्या हातात असायचा आणि ती कधी झेपावणार ते मला तिच्या बोटांवरून कळायचं. नववीत तिच्या वडिलांची बदली झाली. सरांनी दुसऱ्या शाळेतून आलेली मुलगी कॉर्नरला आणली, जिल्ह्याला खेळलेली, माझ्या मैत्रिणीपेक्षा सरळसरळ सरस. पहिल्याच मोठ्या सामन्यात तिने घोट्यावर झडप घातली, मी अर्धा क्षण उशिरा पोचले, आणि आम्हा दोघींच्या मधून ती चढाईवाली पाणी निसटावं तशी निसटून गेली. एकदा नव्हे, चारदा. चूक कोणाची? तिने झडप बरोबर घातली होती. मीही माझ्या अंगभूत वेगानेच धावले होते. फक्त साखळी नव्हती.

लाइनचंही असंच असतं. समोरचे दोघं जण मुद्दाम जागा बदलतात. बाहेरचा आत घुसतो आणि आतला त्याच्या पाठीमागून वळसा घालून बाहेर निघतो. याला इथे स्टंट म्हणतात. त्या वेळी टॅकलने आपल्या अंगावरचा माणूस गार्डच्या हवाली करायचा आणि गार्डने सोडलेला स्वतः घ्यायचा. बोलायला वेळ नसतो. परक्या मैदानावर तर हजारोंच्या आरडाओरड्यात क्वार्टरबॅकचा आवाजही पोचत नाही. मग गार्ड मान मागे वळवून त्याचा इशारा बघतो आणि सेंटरला हलकेच हात लावतो. एकाने अर्धा क्षण जास्त धरून ठेवलं की दुसऱ्याच्या अंगावर दोन. खेळाडू विकत मिळतो, त्याची ताकद, उंची, वेग सगळं मोजून मिळतं. हा अर्धा क्षण मिळत नाही. माझ्या शंकेचं मूळ एवढंच आहे.

आता २०२१. त्या वर्षी ७ फेब्रुवारीला टँपामध्ये सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, होता. आदल्या वर्षीचे विजेते आम्हीच, महोम्स ऐन भरात, आणि आम्ही ३१-९ असे हरलो. एकही टचडाऊन नाही, म्हणजे चेंडू एकदाही शेवटच्या रेषेपार गेला नाही. कारण उघड होतं. उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने ऑक्टोबरपासून बाहेर, आणि डावा टॅकल एरिक फिशर याची टाचेची शीर त्याआधीच्याच सामन्यात तुटलेली. राइट गार्ड लोराँ द्युव्हर्ने-तार्दिफ तर त्या मोसमात उतरलाच नव्हता. हा माणूस डॉक्टरकीची पदवी घेतलेला. कोविडमध्ये खेळ सोडून तो क्वेबेकमध्ये वृद्धांच्या सेवाकेंद्रात कामाला गेला. (आमच्या घरी त्याचं नाव निघालं की आई अजून फोनवर म्हणते, “तो डॉक्टर ना? गुणी मुलगा.” तिला खेळातलं बाकी काही ठाऊक नाही.) उरलेल्यांना इकडून तिकडे सरकवून लाइन उभी केली होती. त्या रात्री महोम्सवर २९ वेळा दबाव आला, सुपर बोलच्या इतिहासात कोणत्याही क्वार्टरबॅकवर आला नव्हता इतका. चेंडू हातातून सुटण्याआधी तो एकूण जवळजवळ ५०० यार्ड पळाला, असं मोजणाऱ्यांनी मोजलं. एकदा तर जमिनीला समांतर, हवेत आडवा असताना त्याने चेंडू फेकला. तो बरोबर सहकाऱ्यापर्यंत पोचला आणि त्याच्या तोंडावरच्या जाळीला लागून खाली पडला. लोक ती फेक अजून कौतुकाने दाखवतात. माझ्या पोटात गोळा येतो.

मार्चमध्ये फिशर आणि श्वार्ट्झ या दोघांनाही एकाच दिवशी निरोप दिला. फिशर म्हणजे अँडी रीड इथे प्रशिक्षक म्हणून आल्यावर त्यांनी निवडलेला पहिला खेळाडू, २०१३ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या फेऱ्याफेऱ्यांनी होणाऱ्या निवडीतला, पहिल्या क्रमांकाचा. मग खरेदी सुरू झाली. न्यू इंग्लंडकडून जो थूनी आला, पाच वर्षांचे आठ कोटी डॉलर. बॉल्टिमोरकडून पहिल्या फेरीतला निवडीचा हक्क मोजून ऑर्लँडो ब्राउन आणला. दुसऱ्या फेरीत सेंटर क्रीड हम्फ्री, सहाव्या फेरीत ट्रे स्मिथ. उजव्या टॅकलला लूकस नियांग, जो आदल्या वर्षी कोविडमुळे खेळलाच नव्हता. टँपातल्या पाचांपैकी नव्या मोसमाच्या पहिल्या सामन्यात त्या जागांवर एकही नव्हता.

तेव्हा इथे ज्याच्या-त्याच्या तोंडी शंका होत्या, आणि त्या खुळचट नव्हत्या. ब्राउन बॉल्टिमोरला बहुतेक उजवीकडे खेळलेला, आणि त्या संघाचा भर चेंडू घेऊन पळण्यावर. इथे महोम्स मागे, आणखी मागे जाऊन फेकतो. डावीकडच्या टॅकलला तेवढा वेळ मागे सरकत राहावं लागतं. ब्राउनला डावीकडेच खेळायचं होतं, कारण त्याच्या दिवंगत वडिलांची, त्याच खेळातल्या टॅकलची, तशी इच्छा होती. मन भरून आलं, पण वडिलांची इच्छा समोरून धावून येणाऱ्याला सांगून तो थांबत नाही. हम्फ्री डावखुरा, चेंडू डाव्या हाताने मागे देणारा. स्मिथच्या फुप्फुसांत कॉलेजात असताना रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, म्हणून तर तो २२६ वा क्रमांक येईपर्यंत शिल्लक राहिला. मी मंडळाच्या कोजागिरीला दूध ढवळत ढवळत सगळ्यांना ऐकवलं की सेंटर आणि राइट गार्ड, शेजारीशेजारी, दोन्ही नवशिके, हे काही चालणार नाही.

पहिल्या सात सामन्यांत आम्ही तीन जिंकलो, चार हरलो. टेनेसीने २७-३ असं धुतलं तेव्हा मी शेजाऱ्यांना म्हटलं, बघा. ते म्हणाले, तू बघ. आणि त्यांनी मला तोच सामना परत लावून दाखवला, चेंडू सोडून. मी ज्याला लाइनचा दोष म्हणत होते त्यातलं बरंच काही महोम्स आणि झेलणाऱ्यांच्या हातून निसटलेले चेंडू होते. हम्फ्री आणि स्मिथ तर असे हलत होते जणू लहानपणापासून एका खोलीत झोपले असावेत. माझं अख्खं गणित चुकलं होतं, ते नेमकं ज्या जोडीवर मी बोट ठेवलं होतं तिथेच. मोसम १२-५ असा संपला. पुढे फायनलच्या उंबरठ्यावर सिनसिनाटीने हरवलं, पण ती वेगळी जखम आहे.

त्यानंतरच्या वर्षी, १२ फेब्रुवारी २०२३ ला, ॲरिझोनात फिलाडेल्फियाशी सुपर बोल. फिलाडेल्फियाने त्या मोसमात ७० सॅक केलेले, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला ७० वेळा चेंडूसकट आडवं केलेलं. त्या रात्री महोम्सवर सॅक शून्य. आम्ही ३८-३५ ने जिंकलो. मंडळातल्या एकाने मला फोन करून फक्त “शून्य” एवढंच म्हटलं आणि ठेवला. मी कबूल केलं. तरी मनात आलंच, की त्या रात्रीचं गवत निसरडं होतं, दोन्हीकडचे खेळाडू सारखे घसरत होते, आणि घसरण्याचा तोटा धावून येणाऱ्याला जास्त. ही माझी खोड. जिंकल्यावरही मी बिल तपासते.

पण त्यानंतरचं बघा. ब्राउन पुढच्याच महिन्यात सिनसिनाटीला गेला. डावा टॅकल ही जागा तेव्हापासून धर्मशाळा झाली. २०२४ मध्ये किंग्सली सुआमाताइया या नवख्याला तिथे उभं केलं. दुसऱ्याच सामन्यात त्याची अशी त्रेधा उडाली की त्याला मध्येच बसवावं लागलं. मग दुसरा, मग तिसरा. शेवटी डिसेंबरात थूनीला गार्डवरून उचलून टॅकलला नेलं. तो गुणी, त्याने निभावलं. पण शर्ट फाटला म्हणून चांगल्या धोतराचा तुकडा कापून ठिगळ लावलं, तर आता दोन्ही कपडे सांभाळून नेसावे लागतात. टॅकलला गार्ड, गार्डच्या जागी बदली माणूस. सामने आम्ही जिंकत होतो, १५-२. त्यामुळे कुरकुर करणारी मी एकटी पडले. मग ९ फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लिन्स, परत फिलाडेल्फिया. त्यांनी जादा माणूस एकदाही धाडला नाही. नेहमीचे चार जण आले आणि तेवढे पुरले. महोम्सवर सहा सॅक, ४०-२२ असा पराभव. त्या रात्री “शून्य”वाल्याचा फोन आला नाही. मीही केला नाही, खूप इच्छा असूनही.

महिनाभरात थूनीला शिकागोला देऊन टाकलं, २०२६ च्या चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात. पैशाची बाजू मला कळते. करार संपत आलेला, वय बत्तीस, आणि ट्रे स्मिथला चार वर्षांसाठी नऊ कोटी चाळीस लाख द्यायचे होते. तोच सहाव्या फेरीतला, रक्ताच्या गुठळ्यांचा ट्रे स्मिथ. त्याचे पैसे मला अजिबात खुपत नाहीत.

म्हणजे आता, २०२५ च्या ऑगस्टात, लाइन अशी आहे. मध्ये हम्फ्री आणि उजवीकडे स्मिथ, चार मोसमांची साखळी, तिथे मी डोळे मिटते. उजव्या कडेला जवान टेलर, ताकदवान, पण त्याच्या नावावर इतक्या पेनल्टी की त्याचा नंबर पुकारलेला आमच्या घरातल्या कुत्र्यालाही पाठ असावा. डावा गार्ड सुआमाताइया, जो गेल्या वर्षी टॅकलला बुडाला. आणि डावा टॅकल जॉश सिमन्स, ड्राफ्टमध्ये ३२ वा, गेल्या ऑक्टोबरात गुडघ्याची शीर तुटलेला. ती तुटली नसती तर तो आमच्यापर्यंत आलाच नसता, असं सगळे म्हणतात. खरंही असेल. मी या महिन्यात सेंट जोसेफला सरावाच्या शिबिराला जाऊन आले, आमच्याकडून उत्तरेला तासाभराच्या वाटेवर. सिमन्सचे पाय बघितले. एवढा मोठा देह, आणि पाय असे पडतात की खालचं गवत दुखावू नये. एकास एक सरावात कोणी त्याला फार हलवू शकत नव्हतं.

पण एकास एक बघून मला काय कळणार? ती जिल्ह्याला खेळलेली मुलगीही एकास एक कोणाला ऐकत नव्हती. सिमन्स आणि सुआमाताइया आजवर खऱ्या सामन्यात खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले नाहीत. त्यातला एक जागेला नवा, दुसरा लीगलाच नवा. मला सिमन्सची चिंता नाही, सुआमाताइयाचीही तितकीशी नाही. चिंता आहे ती त्या दोघांच्या मधल्या फूटभर रिकाम्या जागेची, आणि ती जागा शिबिरात दिसत नाही.

तेव्हा बाळा, महोम्स आहे हे मला ठाऊक आहे. त्याच्यासाठीच बघते मी त्या पाचांकडे. पहिला सामना शुक्रवारी, ५ सप्टेंबरला, ब्राझीलमध्ये साओ पावलोला चार्जर्सशी आहे, आणि त्यांच्याकडे क्वार्टरबॅकवर कडेने धावून येणारा खलील मॅक आहे. आपल्याकडे संध्याकाळी सातला सुरू. दुसऱ्या दिवशी विसर्जन, त्यामुळे गणपती अजून हॉलमध्येच असणार. आरती साडेसहाला उरकून घेऊ, टीव्ही मखराच्या डाव्या बाजूला लावा. तू चेंडू बघ. मी डाव्या गार्डच्या शेजारी बसलेय असं समज, आणि पहिले तीन सेकंद माझ्याशी बोलू नकोस.