नव्या पुलावरचा श्वास

भिंतीवरचं घड्याळ पावणेदोनला अडलं होतं, म्हणून दुपारी सेल शोधत होते. टीव्हीखालच्या खणात सेल सोडून सगळं निघालं: जुन्या लग्नपत्रिका, न उठणारी पेनं, कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या. आणि तळाशी ऑक्सिमीटर, बोटाला लावून रक्तातला प्राणवायू किती टक्के ते सांगणारा. 2021 पासून तिथंच पडलेला. त्याचे सेल बारीक, घड्याळाला चालत नाहीत, तरी हातात आलाय म्हणून बोटाला लावला. पठ्ठ्या अजून चालू. 98.

मग उगाच खोडी सुचली. श्वास धरून बसले, आकडा कुठवर उतरतो बघू म्हणून. पंधरा सेकंद, तीस, चाळीस. कानशिलं तापली, छाती आतून दार ठोठावायला लागली, आणि आकडा आपला 98 वर मख्ख. शेवटी मीच हरले.

श्वास धरण्यात मी तशी मुरलेली आहे. सिग्नलला पुढच्या टेम्पोनं काळा धूर सोडला की तुम्हीही धरतच असाल. माझं शिक्षण मात्र नव्या पुलावर झालं. 1923 चा पूल. शंभरी उलटली तरी पुण्यात तो नवाच. आम्ही कसब्यात राहायचो, मावशी शिवाजीनगरला. रविवारी बाबांच्या स्कूटरवर धाकटा भाऊ पुढे उभा, मी मागे, मध्ये बाबांची पाठ. शनिवारवाडा मागे पडला की मुठेचा तो वास यायच्या आत छातीभर हवा भरून घ्यायची आणि पलीकडे मनपा येईपर्यंत सोडायची नाही. भाऊ नाकातून हळूच घ्यायचा आणि शपथेवर नाही म्हणायचा. मी प्रामाणिक. त्यामुळे पुलावर मध्येच एखादी हातगाडी आडवी आली की जिथं वास सगळ्यांत जास्त, नेमकी तिथंच माझी हवा संपायची. आणि मग घेतलेला श्वास असा खोल, की अख्खी नदी आत.

मला वाटायचं, श्वास धरला की आतला कारखानाही बंद. तसं काही नसतं. भरून घेतलेल्या हवेवर काम चालूच राहतं. दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस कोटींच्या आसपास वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या असतात. ते उलगडून पसरले तर साधारण 70 चौरस मीटर जागा लागेल. आमचं कसब्यातलं बिऱ्हाड, मोरी आणि जिना धरून, त्यात दोनदा बसलं असतं. वायुकोशांच्या भिंतीला लागून रक्तातली तांबडी पेशी जाते ती जेमतेम पाऊण सेकंदात, आणि त्यातल्या पहिल्या पाव सेकंदात प्राणवायू चढून मोकळा झालेला असतो, पूर्वी लोक चालत्या पीएमटी बसमध्ये चढायचे तसा. आत हिमोग्लोबिनच्या एकेका रेणूत चार जागा. एक जण बसला की पुढच्याला बसणं सोपं जातं म्हणे. हे काही पीएमटीसारखं नाही.

मग आकडा 98 वर असताना दार कोण ठोठावत होतं? कर्ब वायू, उच्छ्वासातून बाहेर टाकायचा तो. दूध आलं नाही तर आपण एक दिवस कोरा चहा पितो. कचरा न्यायला मावशी दोन दिवस आल्या नाहीत की सोसायटीच्या ग्रुपवर आरडाओरडा. मेंदूचंही तसंच. प्राणवायू थोडा घटला तर तो फारसं मनावर घेत नाही, पण कर्ब वायू साठून रक्त जरा आंबट झालं की लगेच तक्रार.

एप्रिल 2021 मध्ये हे मला माहीत असतं तर बरं झालं असतं. बाबा कोविडमुळे आतल्या खोलीत वेगळे होते. दारातून पाहिलं तर उशीला टेकून शब्दकोडं सोडवत होते. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 86. "मला काही होत नाहीये, तुझं यंत्र बिघडलंय." मी माझ्या बोटाला लावला, 98. परत त्यांना, 86. "बघ, बिघडलंय." आणि मला ते खरं वाटायला लागलं होतं! खरोखरच धाप नव्हती, काही नव्हतं. फोनवर डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं: कर्ब वायू प्राणवायूपेक्षा वीसेक पट सहज आरपार जातो, सुजलेल्या फुप्फुसातूनही निघून जातो. कचरा वेळेवर जात होता, म्हणून दूध बंद झाल्याचं घरात कुणाला कळलंच नव्हतं. ॲम्ब्युलन्स नव्या पुलावरूनच गेली. मी श्वास धरला होता का, आठवत नाही.

अकरा दिवसांनी बाबा घरी आले. आल्या आल्या अर्धवट राहिलेलं कोडं मागितलं. आम्ही रद्दीत दिलं होतं.

आज चहा टाकला तसे बाबा उठून आले.

"बाबा, नव्या पुलावर तुम्हीपण श्वास धरायचात का हो?"

"मी गाडी चालवायचो." बशीत चहा ओतून एक घोट. "तुझी मूठ माझ्या शर्टात आवळत जायची. फारच आवळली की गाडी पिळायचो. हातगाडीवाले शिव्या घालायचे मागून."

मग न सांगता त्यांनी बोट पुढे केलं. आकडा यायला जरा वेळ लागला.

"95."

"चालेल," म्हणाले. मग भिंतीकडे बघून, "पावणेदोनच झालेत? मग इतक्यात चहा कशाला केलास?"