कळण्या झोपेत कुठे जातो?

परवा रात्री दीडच्या सुमारास जाग आली, खाटेच्या पायाला खालून काहीतरी टकटक टकटक लागून राहिलं होतं. मे महिना, गाव चोपडा तालुक्यातलं, दिवसा काटा ४४ च्या वर, घरात झोपायचा विषयच नाही म्हणून आम्ही सगळे अंगणात खाटा टाकून, त्यात लाईट गेलेली. मोबाईलचा टॉर्च मारला तर खाली कळण्या आडवा पडलाय आणि त्याचा मागचा पाय खाटेवर आपटून राहिलाय.

कळण्या म्हणजे आमचा कुत्रा. कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं एकत्र दळलेलं पीठ, त्याची भाकरी सोडून दुसरी कुठली टाकली तर नुसता हुंगतो आणि आपल्याकडे बघतो, आणि रंगही अगदी तसाच, मळकट करडा, म्हणून हे नाव. तर हा गडी गाढ झोपेत होता. मिशा थरथरतायत, नाकपुड्या उघडझाप करतायत, पापण्या अर्ध्या मिटलेल्या आणि आत बुबुळं इकडून तिकडे पळतायत, आणि मधूनच तोंड न उघडता "व्हुफ... व्हुफ", म्हणजे कोणी गोधडीत तोंड घालून भुंकावं तसं.

ह्या वेळी मी हात लावला नाही. मागच्या वर्षी अशाच वेळी शहाणपणा केला होता, म्हणलं बिचाऱ्याला वाईट स्वप्न पडलंय, उठवावं, तर खांद्याला धरून हलवल्याबरोबर त्याने डोळे उघडायच्या आधीच माझं मनगट धरलं. नंतर जाग आल्यावर बिचारा कान पाडून हात चाटत बसला, पण दात लागायचे ते लागले होते. पंधरा मिनिटं साबण लावून नळाखाली हात, आणि त्याचा स्वतःचा डोस आमच्याच आळसाने दोन महिने लांबलेला त्यामुळे मला पाच इंजेक्शनं. वर नानांचं बोलणं फुकट, "झोपेल जनावराला हात लावतात का भो?"

तर आता आम्ही नुसतं बघतो आणि अंदाज लावतो. आई म्हणते तो मक्यात रानडुकरं हाकलून राहिला. माझी पोरगी म्हणते त्याला पारले-जीचा अख्खा पुडा दिसतोय. दाजी एकदा आले होते, त्यांचा अंदाज शेजारच्या गल्लीतल्या कुत्रीबद्दल होता, तो इथे लिहीत नाही. आणि नाना दरवेळी एकच म्हणतात, "गाडीखाली चालून राहिला तो."

हे गाडीचं नंतर सांगतो. आधी मी त्या रात्री जे वाचलं ते, कारण झोप तर उडालीच होती आणि मोबाईलला रेंज होती.

झोपेत बुबुळं पळतात त्या टप्प्याला आरईएम झोप म्हणतात, माणसात ती १९५३ साली शिकागोच्या संशोधकांनी नोंदवली. आपल्याला ठळक स्वप्नं जास्त करून त्याच वेळी पडतात आणि तेव्हा मेंदू अंगाचे स्नायू ढिले सोडून देतो, म्हणजे स्वप्नात पळालो तरी खाटेवरून उठून पळत नाही. कळण्याचा पाय फक्त आपटतो तो त्यामुळेच, त्याला खरं तर पळायचंच असतं. फ्रान्समधल्या ल्यों शहरात मिशेल जुव्हे नावाच्या शास्त्रज्ञाने मांजरांच्या मेंदूतली हीच ढिलं सोडणारी जागा निकामी केली, तर मांजरं झोपेतच उठायची, दबा धरायची, समोर काही नसताना झडप घालायची. (वाचून मांजरांचं वाईट वाटलं, आज असं कोणी करू देईल का माहीत नाही.) म्हणजे स्वप्नात मांजर शिकारच करतं असं दिसतंय. आमची भुरी जागेपणी पालसुद्धा मारत नाही, तिचं सगळं शौर्य झोपेतच चालत असणार.

पण मला खरी मजा वाटली ती उंदरांच्या प्रयोगाची. २००१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये केनवे लुई आणि मॅथ्यू विल्सन ह्या दोघांनी उंदरांना खाऊसाठी एका गोल ट्रॅकवर पळवलं आणि पळताना त्यांच्या मेंदूतल्या पेशी कशा क्रमाने पेटतात ते टिपलं. मग उंदीर झोपले, आणि आरईएम झोपेत तोच क्रम पुन्हा दिसला, इतका की झोपलेला उंदीर ट्रॅकवर आत्ता कुठपर्यंत पोचलाय हेही ओळखता येत होतं. आणि वेगही साधारण तोच, फास्ट फॉरवर्ड नाही. मिनिटभर पळालेलं झोपेतही जवळपास तेवढाच वेळ चालायचं. मनी वसे ते स्वप्नी दिसे, आपली म्हातारी माणसं सांगायची तेच, फक्त इथे तारा लावून बघितलंय.

आता मनी काय वसतं, इथे सगळी गोची आहे. कारण जनावराच्या मनात आपण आपलंच काहीतरी भरतो.

मागच्या हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली, पुऱ्यांचा डबा उघडला तर अर्ध्या पुऱ्या गायब. मी कळण्याकडे वळून ओरडलो तर त्याने शेपूट पोटाखाली घेतली, मान वळवली, डोळ्याच्या कडेने बघत बसला. सगळे म्हणाले बघा, चोराच्या मनात चांदणं! भाकरी नाही आणि मार वरून. संध्याकाळी कळलं की पुऱ्या माझ्या दोन भाच्यांनी झाडामागे बसून संपवल्या होत्या. आणि ह्यावरही प्रयोग झालाय बरं का, न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ बाईंनी २००९ साली १४ कुत्र्यांवर केला, तर कुत्र्याचा तो 'अपराधी' चेहरा त्याने काय केलं ह्यावर नाही, मालक रागावला का ह्यावर ठरत होता. म्हणजे कळण्या कबुली देत नव्हता, माझ्या आवाजाला घाबरला होता. पुऱ्या चोरल्या त्या भाच्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही म्हणता काही नव्हतं.

तसंच ते गाडीखालच्या कुत्र्याचं. आपण किती सहज बोलतो, गाडीखालच्या कुत्र्याला वाटतं गाडी आपणच ओढतोय. गावात निम्म्या पुढाऱ्यांना लावून झालंय हे. पण कळण्या लहान होता तेव्हा आमच्याकडे बैलगाडी होती आणि तो रोज शेतापर्यंत गाडीखालून चालत यायचा, दोन चाकांच्या मधे, बरोबर सावलीत. ऊन्हात त्या रस्त्याचा फुफाटा असा तापतो की चप्पल घातलेला माणूस उड्या मारतो. त्याला कसला गर्व आणि कसलं काय, पाय भाजत होते त्याचे!

बैलांची झोप मी लहानपणी नानांसोबत गोठ्यात बघितलीय. रात्री उठून नाना बॅटरी मारून एवढंच बघायचे, बैल बसला का. उभ्याने तो पेंगतो, रवंथही करतो, पण स्वप्नाच्या झोपेत मान ढिली पडते म्हणून तेवढ्यापुरतं बसावंच लागतं, मग तो मान वळवून स्वतःच्याच कुशीवर टेकवतो. गाईबैलांची रात्रीची झोप चारेक तासांची, त्यातली ही झोप तासाच्याही आत. नानांना हे कुठे वाचायला मिळालं नव्हतं, पण बैल दोन रात्री बसला नाही तर तिसऱ्या दिवशी ते त्याला जुंपत नसत.

तीन वर्षांपूर्वी जोडी विकली. ट्रॅक्टर भाड्याने सहज मिळतो, चारा महाग, नानांचे गुडघे गेलेले. गाडी अजून लिंबाखाली उभी आहे, तिच्यावर आई शेवया वाळवते.

तर परवा रात्री मी हे उंदरांचं वाचत होतो तोवर नानाही जागे झाले. मी त्यांना सांगितलं, नाना, स्वप्नात वेग खऱ्यासारखाच असतो म्हणे. ते खाटेवर उठून बसले, खाली वाकून कळण्याच्या पायाकडे बघत राहिले. मला विचाराल तर त्यात काही चाल-बिल नव्हती, पाय नुसते फडफडत होते, मधे थांबत होते, परत सुरू. पण नाना बराच वेळ बघून म्हणाले, "हां, गाडीचीच चाल आहे. आता नाला उतरतील."

पाय परत खाटेला लागला, टक. नाना मला म्हणाले, "ऊठ जरा," आणि आम्ही दोघांनी आवाज न करता माझी खाट उचलून हातभर बाजूला ठेवली.